पाचव्या दिवसाचं धुणं

राखेत काहीच उमटलेलं नव्हतं.

सातुर्निनो दाजी टोपी मांडीवर ठेवून उकिडवे बसले होते आणि आईंच्या खाटेपासून उंबऱ्यापर्यंत पसरलेली राख निरखत होते. काल संध्याकाळी त्यांनीच ती चाळून, हातानं सारखी करून पसरली होती. आमच्याकडे मेलेल्या माणसाची कामं जावयानं आणि सुनेनं करायची असतात, पोटच्या पोरांनी नुसतं बसून रडायचं. जावई राख पसरतो आणि वाचतो. सून पाचव्या दिवशी नदीवर जाऊन कपडे धुते. जावई म्हणजे दाजी, सून म्हणजे मी. दुसरी सून लिमात असते, तिला सुट्टी मिळाली नाही म्हणे. मिळाली असती तरी तिनं यानामायो नदीच्या बर्फाळ पाण्यात हात घातला असता असं मला वाटत नाही.

"बाहेर जाणारं पाऊल नाही," दाजी म्हणाले. "म्हातारी अजून घरातच आहे."

सेबेरिना आई, माझ्या सासूबाई, एक्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या त्याला चार दिवस झाले होते. चौथ्या रात्री मेलेलं माणूस परत येतं, आपल्या सगळ्या वस्तू एका गाठोड्यात बांधलेल्या आहेत ना ते बघतं आणि निघून जातं. जाताना राखेत पाऊल उमटतं. एखादी वस्तू कमी असली तर मात्र ते जात नाही, शोधत बसतं. आणि शोधून दमलं की एकटं जात नाही, घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन जातं. हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्न लिमाला जाऊन विचारता येतो, त्या खोलीत उभं राहून नाही.

सगळ्यांनी नोएमीच्या पोटाकडे बघायचं टाळलं. नोएमी माझी मुलगी, चौतिसावं सरून चाललेलं, आठवा महिना. त्याआधी दोनदा तिचं पोट खाली झालं होतं.

दारातून वारा आला आणि कडेची राख जराशी उडाली. त्या दाराला अडसर लागून पस्तीस वर्षं झाली होती. माझा नवरा मार्सेलिनो, आईंचा मधला मुलगा, चौऱ्याऐंशी साली बाजाराच्या दिवशी चौकात गेला आणि गणवेशातल्या माणसांनी त्याला बाकी अकरा जणांबरोबर ट्रकमध्ये घातलं. ना निरोप आला, ना देह. ते सगळं शंभरदा सांगून झालंय, पुन्हा उगाळत नाही. त्या संध्याकाळी मी दार लावायला गेले तर आईंनी माझ्या हातातून अडसर काढून घेतला. म्हणाल्या, तो आला तर त्याला ठोठावायला लागू नये. तेव्हापासून ते दार नुसतं लोटलेलं असायचं. एकदा शेजाऱ्यांचं डुक्कर येऊन आठवड्याचा मका खाऊन गेलं, तरी आईंनी अडसर लावू दिला नाही.

"काहीतरी राहिलंय," फ्लोरेन्सिया ताई म्हणाल्या. या आईंच्या सगळ्यात थोरल्या, दाजींची बायको. सहासष्ट वर्षांच्या, पण उभ्या राहिल्या की अजून पोलिसासारख्या उभ्या राहतात. "देल्फिना, गाठोडं तू बांधलंस. सगळं घेतलंस?"

"घेतलं," मी म्हटलं. "घागरे, शाली, टोपी, चपला, चरख्याची चाती, विड्याची पिशवी. सगळं."

"कवळी?" एलियासनं विचारलं. हा धाकटा दीर. लिमात टॅक्सी चालवतो. कालपासून हातात फोन धरून रेंज शोधत घरभर फिरत होता.

"कवळी घालूनच पुरली."

"चष्मा?"

"चष्मा तिचा नव्हता, पाद्रीबाबांचा होता," ताई म्हणाल्या. "त्यांनी अंत्यविधीलाच परत मागून घेतला."

एलियासला हसू आलं, मग ते त्यानं गिळलं. "राख ओली असेल, ताई. दवानं बसली असेल."

"मी पसरलेली राख ओली नसते," दाजी म्हणाले.

एलियास त्या सकाळी वरवर थट्टा करत होता, पण आतून घाबरला होता. का ते त्यानं मला चार वर्षांनी सांगितलं. भावाला ट्रकमध्ये घातलं त्या दिवशी हा चौदा वर्षांचा होता आणि भावाबरोबरच चौकात होता. मार्सेलिनोनं त्याला बर्फाचा गोळा आणायला पाठवलं. हा गोळा घेऊन परत आला तर चौक रिकामा. आईंनी त्याला त्याबद्दल आयुष्यात एक शब्द विचारला नाही. त्यामुळे त्याला वाटत होतं की आई शोधतेय ती मलाच, आता विचारायला आलीय. पन्नाशीला टेकलेला माणूस, आणि जीव असा टांगणीला.

ताईंनी घर उलथंपालथं करायला घेतलं. पेटी उघडली, गोणपाटं झटकली, चुलीमागं हात घातला. मी त्यांच्या मागं मागं फिरत होते. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. मीच ते काढून ठेवलं होतं.

आईंच्या पेटीच्या तळाशी पिठाच्या पिशवीच्या कापडात शिवून ठेवलेला मार्सेलिनोचा स्वेटर होता. तपकिरी, पुढं बटणं असलेला. कोपराला भोक पडलं होतं म्हणून त्या दिवशी तो घातला नाही, खुंटीवर टांगून गेला. जाताना मला म्हणाला, एवढं रफू करून ठेव. मी पाच महिन्यांची पोटुशी होते, आळस केला. दुसऱ्या दिवशी आईंनी तो खुंटीवरून काढला आणि मला सांगितलं, हा धुवायचा नाही, उघडायचा नाही, वास जाईल. तो येईल तेव्हा घालेल. आमच्याकडे माणसाचे कपडे शेवटचे धुतले की माणूस मेला असं ठरतं. बाकीच्या अकरांपैकी कित्येकांच्या घरी नुसते कपडेच धुतले, पुरायला दुसरं काही नव्हतं. आमच्या घरी तेही झालं नाही. आई म्हणायच्या, ज्यांना घाई आहे त्यांनी धुवावं.

आई गेल्यावर दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधताना मी ते कापड बाजूला काढलं आणि माळ्यावर बटाट्यांच्या गवताखाली खुपसलं. धुण्यात गेला असता तर मी माझ्याच हातानं नवऱ्याला मेला म्हटल्यासारखं झालं असतं. आणि मग पस्तीस वर्षं मी काय करत होते, याला उत्तर काय.

ताई पेटीपाशी थांबल्या. तळ हातानं चाचपला आणि माझ्याकडे वळल्या.

"मार्सेलिनोचा स्वेटर कुठाय?"

"तो आईंचा नाही," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याचा आहे."

"पेटी कुणाची होती?"

"पेटी आईंची. स्वेटर त्याचा."

"पस्तीस वर्षं तिनं उशाशी ठेवला, देल्फिना. स्वतःच्या शालीपेक्षा जास्त जपला. तिचं काही राहिलं असेल तर तेवढंच राहिलंय."

"त्यांनीच सांगितलं होतं. तो येईपर्यंत धुवायचा नाही."

"ती गेली. आता कोण बसणार आहे वाट बघत?"

"मी आहे ना."

ताई हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते. "तू आहेस. तू लिमाला गेलीस तेव्हा पोर दोन वर्षांची होती, परत आलीस तेव्हा सतराची. या घरात इतकी वर्षं वाट बघितली ती आईनं. तिला उचलून बसवलं, भरवलं, तिची लुगडी-धडपी धुतली ती मी. आणि तिनं रोज सकाळी डोळे उघडले की विचारलं ते त्याच्याबद्दल. समोर उभी असलेली कधी दिसलीच नाही तिला."

हे त्यांच्या मनात किती वर्षं साचलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. मी लिमाला मजा करायला गेले नव्हते, दुसऱ्यांची भांडी घासायला गेले होते, आणि दर महिन्याला या घरात जे यायचं ते त्या भांड्यांतूनच यायचं. पण ते त्या वेळी बोलण्यात अर्थ नव्हता.

"वहिनीला नको असेल तर राहू दे ना, ताई," एलियास म्हणाला. "एक स्वेटर."

"एक स्वेटर," दाजी सावकाश म्हणाले. "बरं. राहू द्या. पण मग राखेला काय सांगू मी? खोटं बोल म्हणून?" आणि त्यांची नजर न राहवून नोएमीकडे गेली.

एलियासनंही त्या नजरेमागं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "वहिनी," तो म्हणाला, "देऊन टाक."

एका क्षणात तो ताईंच्या बाजूचा झाला. मी त्याला दोष देत नाही. नोएमी भिंतीला टेकून, कमरेवर हात ठेवून उभी होती आणि सगळ्यांच्या डोक्यावरून बाहेर बघत होती. आईंनी वाढवलेली पोर. ताप आला की आई तिला रात्ररात्र पाठीवर बांधून फिरायच्या, तिच्या शाळेसाठी त्यांनी दोन मेंढ्या विकल्या, ती वामांगा शहरात शिक्षिका झाली त्या दिवशी ही सत्तरी ओलांडलेली बाई एकटी बस पकडून तिचा वर्ग बघायला गेली आणि मागच्या बाकावर तास संपेपर्यंत बसली. नोएमी मला आई म्हणते, पण घाबरली की तिच्या तोंडून आजी येतं. त्या सकाळी ती काहीच म्हणत नव्हती. मला वाटलं, घाबरलीय. घाबरली होतीच, पण कशाला ते मला ठाऊक नव्हतं.

मी शिडी लावली आणि माळ्यावर चढले.

*

नदीवर पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं, पण पाण्याला त्याचा पत्ता नव्हता. दाजींनी फेसाळ मुळी दगडावर ठेचली, मी घागरा गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरले. ताई आणि एलियास काठावर बसले. त्यांनी हात लावायचा नसतो. एलियासनं उकडलेले बटाटे आणि चीज सोडलं, पण कुणी खाल्लं नाही.

एक एक कपडा मी धुवून वर देत होते आणि दाजी प्रत्येकाच्या आतल्या बाजूला डाव्या पिळाच्या दोऱ्याचा एक टाका घालत होते. रोजचं सूत आम्ही उजवीकडे पिळतो, मेलेल्यांसाठीचं डावीकडे. टाका पडला की कपडा मोकळा झाला, मग तो कुणीही घालावा. आईंचा हिरवा घागरा ताईंच्या सुनेला जाणार होता. जांभळी शाल शेजारच्या हिलारियाला, तिनं ती वीस वर्षांपूर्वीच मागून ठेवली होती.

पिठाच्या पिशवीचं कापड मी काठावर, माझ्या टोपीखाली ठेवलं होतं. शेवटी धुवायचं म्हणून. प्रत्येक कपडा झाला की माझी नजर तिकडे जायची. बोटं सुन्न झाली होती, तरी मी एकेक घागरा दोनदोनदा घासत होते. ताईंना ते दिसत होतं.

गाठोडं रिकामं झालं. मी कापड हातात घेतलं, शिवण दातानं तोडली.

"थांब," नोएमी म्हणाली.

ती वर निलगिरीच्या सावलीत बसली होती. उठून खाली येताना तिचा पाय घसरला आणि एलियासनं तिला धरलं.

"राख मी पुसली," ती म्हणाली.

"काय?"

"पहाटे उठले होते, बाहेर जायला. तेव्हा राखेत पावलं होती. मी पुसून टाकली. हातानं सारखी केली." तिचा आवाज मोडत चालला होता. "दाजी सकाळी म्हणाले काही नाही, तेव्हा मला सांगता आलं नाही. मग आत्या पेटी उपसायला लागली. मग आईनं शिडी लावली. मला वाटलं, होऊ दे. पण आता ती ते धुतेय आणि माझ्यामुळं धुतेय."

ताईंनी छातीशी हात नेला. "पावलं होती तर पुसलीस कशाला, पोरी?"

"कारण ती आत येत होती. बाहेर जात नव्हती. माझ्या अंथरुणाकडे येत होती. आणि लहान होती, आत्या. लहान मुलाएवढी." तिनं पोट दोन्ही हातांनी धरलं. "आजी माझ्या पोराला न्यायला आलीय असं मला वाटलं. माझी आजी, आणि मी तिचीच पावलं पुसली."

तिच्याजवळ जायचं तर मी गुडघाभर पाण्यात, हातात स्वेटर.

दाजी मात्र शांतपणे सुई टोपीत टोचून ठेवत होते. "किती बोटं होती?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पावलाला. बोटं किती?"

नोएमीनं आठवून बघितलं. "चार."

"मागं टाच?"

"नाही. गोल होतं मधे काहीतरी."

"बाई, तू वामांग्यात पोरांना शिकवतेस ना," दाजी म्हणाले. "आपलं कापितान होतं ते. दार नुसतं लोटलेलं, कुत्रं आत यायला घाबरणार थोडंच. तुझ्या अंथरुणातच झोपतं ते थंडीच्या दिवसांत."

एलियास मटकन खाली बसला आणि हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. ताईही हसल्या, नोएमीही, आणि मग नोएमी ताईंच्या गळ्यात पडून लहान पोरीसारखी रडली. कितीतरी वेळ.

"म्हणजे आई गेली की नाही?" एलियासनं नाक पुसत विचारलं.

"कुणाला ठाऊक," दाजी म्हणाले. "आधी कुत्र्यानं तुडवली, मग हिनं पुसली. संध्याकाळी पुन्हा पसरीन. आजची राख काहीच सांगत नाही."

मग ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी अजून पाण्यात उभी होते.

"देल्फिना," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज सकाळचा नव्हता. "नको असेल तर ठेव. मी पुन्हा विचारणार नाही."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. मी काठालगत आले आणि स्वेटर पुन्हा कापडात गुंडाळायला लागले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या हातात उघडा होता. नाकाशी न्यावा असं वाटलं आणि भीतीही वाटली. बाही आत दुमडताना माझं बोट कोपरावरून गेलं.

भोक नव्हतं.

मी बाही उलटी केली. कोपराला रफू होतं. बारीक, आडवं-उभं, आईंच्या हाताचं. माझं राहिलेलं काम कुणीतरी केलं होतं. मग मी कॉलरची आतली बाजू बघितली. का बघितली, सांगता येणार नाही. तिथं एक टाका होता. काळा-पांढरा दोरा, डाव्या पिळाचा.

मी तो दाजींकडे दिला. दाजींनी दोरा नखानं उलगडून बघितला, मग ताईंपुढं धरला.

"हा मी घातलेला नाही," ते म्हणाले. "जुना आहे."

ताईंनी दोरा डोळ्यांजवळ नेला. "आईचा," त्या म्हणाल्या. "यात लाल धागा आहे बघ. ती प्रत्येक पिळात एक लाल घालायची." मग त्यांनी स्वेटर नाकाला लावला आणि तो खाली करून म्हणाल्या, "मुळीचा वास आहे. धुतलाय हा."

"गारपिटीच्या वर्षी," ताई स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "बटाटे झोपले होते बघ सगळे. तेव्हा एकदा ती दिवसभर नव्हती. तिन्हीसांजेला आली, हात लाल, फुटलेले. मी म्हटलं, कुठं होतीस, तर म्हणाली, लोकर धुतली. मी म्हटलं, या दिवसांत कसली लोकर. तर माझ्यावरच डाफरली."

"गारपिटीच्या वर्षी नोएमी पाच वर्षांची होती," मी म्हटलं. "म्हणजे तीस वर्षं. तीस वर्षं त्यांना माहीत होतं आणि त्या मला सांगत होत्या वास जाईल, उघडू नकोस."

मला राग आला. मेलेल्या बाईवर, पाचव्या दिवशी, तिचेच ओले घागरे समोर वाळत असताना. लिमात हेरार्दो नावाचा एक बेकरीवाला होता. चांगला माणूस. चार वर्षं त्यानं माझ्या उत्तराची वाट बघितली, आणि मी त्याला सांगितलं, माझी सासू तिथं दार उघडं ठेवून बसलीय, मी इथं दुसरं घर कसं मांडू. त्यानं तिसऱ्याच कुणाशी लग्न केलं. मी हे सगळं तिथं काठावर, नणंदेसमोर, दिरासमोर, पोटच्या पोरीसमोर बोलून गेले. हेरार्दोचं नाव यापूर्वी मी कधी कुणापाशी काढलं नव्हतं.

"मग का नाही सांगितलं मला?" मी म्हटलं. "एकदा तरी. मी काही लहान होते?"

बोलली ती नोएमी.

"तू रविवारी फोन करायचीस," ती म्हणाली. "चौकातल्या टपरीवर. आजी मला घेऊन जायची, आठवतंय? आम्ही तासभर आधीच जाऊन बसायचो."

"आठवतंय."

"तू आधी काय विचारायचीस?"

मला आठवलं होतं. मी आधी विचारायचे, आई, दाराला अडसर लावला नाही ना? आणि त्या तिकडून म्हणायच्या, नाही गं, उघडं आहे.

"फोन ठेवला की आजी घरी येईपर्यंत बोलायची नाही," नोएमी म्हणाली. "एकदा मी म्हटलं, आजी, थंडी वाजते, लावू या ना दार. तर म्हणाली, तुझी आई अजून विचारते बाळ. ती विचारतेय तोवर उघडं ठेवायचं."

मी खाली बसले. पाण्यातच बसले बहुतेक, कारण नंतर माझा घागरा कमरेपर्यंत ओला होता. मला त्या दाराचं काय पडलं होतं? मला तर बाजाराचा तो दिवस उलटून वर्ष झालं तेव्हाच आत कुठंतरी कळलं होतं. ट्रकमध्ये घातलेल्या बारांपैकी एकही परत आला नव्हता. मी विचारायचे ते आईंसाठी. म्हाताऱ्या बाईला वाटू नये की सून विसरली, की आता ती एकटीच वाट बघतेय. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी विचारत होते आणि त्या माझ्यासाठी दार उघडं ठेवत होत्या. कुडकुडत.

ताई पाण्यात उतरल्या. त्यांनी उतरायचं नसतं, पण दाजी काही म्हणाले नाहीत. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी माझे हात त्यांच्या शालीत गुंडाळले.

"घरी जाऊ या," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "त्याचं धुणं झालेलं आहे. तुला करायला काही राहिलं नाही."

"राहिलंय," मी म्हटलं. "सून म्हणून आईंचं केलं. बायको म्हणून त्याचं माझंच होतं."

मी ताईंकडून स्वेटर घेतला आणि पाण्यात बुडवला. मुळीचा फेस केला, बाह्या घासल्या, कॉलर घासली, रफूवरून हलक्या हातानं गेले, ते उसवू नये म्हणून. घासताना मी त्याच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते माझ्यापाशीच राहू दे. दाजी सुई घेऊन आले तेव्हा मी मान हलवली. टाका होता, आणि तो पुरेसा होता.

*

घरी आलो तेव्हा ऊन डोंगरामागं गेलं होतं. स्वेटर जाड लोकरीचा, पण यानामायोच्या वाऱ्यानं बऱ्यापैकी सुकला होता. मी तो चुलीपाशी धरून गरम केला आणि कपडे वाटताना नोएमीच्या हातात दिला.

"मला?" ती म्हणाली.

"तुझ्या बापाचा आहे. आणखी कुणाला देऊ?"

तिनं तो घातला. बाह्या बोटांच्याही पुढं आल्या, बटणं मात्र पोटावर लागेनात. सगळ्यात वरचं तेवढं लागलं. एलियासनं तिच्याकडे बघितलं आणि तो सूप ढवळायच्या निमित्तानं चुलीकडे वळला. ताईंनी तिच्या बाह्या मनगटापर्यंत दुमडून दिल्या, शाळेत जाणाऱ्या पोरीच्या दुमडाव्या तशा.

दाजींनी राखेची चाळणी हातात घेतली. बाकीचे आम्ही जेवायला बसलो. कापितान उंबऱ्यात येऊन आत येऊ की नको करत होता. दारातून वारा सरळ चुलीवर येत होता.

"आई," नोएमी म्हणाली, ताटातून वर न बघता, "दार लाव ना गं. गार येतंय."

तिला काही सुचवायचं नव्हतं. तिला नुसती थंडी वाजत होती.

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. ताईंनी घास घेतला. दाजी राखेच्या टोपलीत काहीतरी शोधत राहिले.

मी उठले. कुत्र्याला आत घेतलं. अडसर मक्याच्या कणगीमागं होता, जाळी-जळमटं लागलेला. तो मी घागऱ्याला पुसला, दार लोटलं आणि घालायला गेले तर एका बाजूनं बसेना. इतक्या वर्षांत भिंत खचली होती. एलियास ताट बाजूला सारून आला, त्यानं खांदा लावला, मी खालून दाबलं, आणि तो आत बसला.

"लागला?" ताईंनी विचारलं.

"लागला," मी म्हटलं आणि जेवायला बसले.